लाकडी आंबा

शिरोड्याच्या मिठागराला लागून आमचं मैदान.
चुन्याच्या रेघा मारून उपयोग नसायचा,
वाऱ्याबरोबर मीठ येऊन सगळंच पांढरं करून जायचं,
म्हणून बेसच्या जागी धुरी सरांनी
युरियाच्या पोत्यांत वाळू भरून तोंडं शिवलेली.

सरांनी आम्हांला एक फसवणूक शिकवली.
तिचं नाव लाकडी आंबा,
सावंतवाडीला मिळतो तसा, देठासकट, गालावर लाली,
पाहुणा उचलून नाकाशी नेईपर्यंत खरा.
दुसऱ्या बेसवर त्यांचा पोरगा असला
आणि कॅचर "आंबो पिकलो" म्हणाला
की इनास फर्नांडिस फळीवरून गर्रकन वळायचा,
हात पूर्ण फेकायचा,
चेंडू तेवढा फेकायचा नाही.

बाकीचं काम आमचं.
दाजी पोत्यावरून सूर मारून मातीत लोळायचा,
कुणीतरी कपाळाला हात लावायचं,
आणि मी, सगळ्यांत लांबचा, पाठ फिरवून
सुरूच्या बनाकडे धावत सुटायचो
गेलो, गेलो, बॉल गेलो!

महिनाभर सराव, चेंडूशिवाय.
मला जमत नव्हतं.
"बघतंस खंय तू?" सर ओरडायचे,
"चेंडू नाय म्हणान नजर पण नाय?
आवशीची कुडी पडली समज."
मग जमलं. इतकं, की रात्री डोळे मिटले
की तो दिसायचा, टप्पे घेत,
एक, दोन, मग केवड्यात.

तालुक्याच्या सामन्याला आरोंद्याची शाळा.
शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढे.
दुसऱ्या बेसवर त्यांचा पेडणेकर,
सकाळी होडीतून उतरतानाचा खाडीचा चिखल
पोटऱ्यांवर तसाच वाळलेला.
आंबो पिकलो.
इनास वळला, दाजी लोळला,
मी धावलो
आणि कुडी शोधावी तसा वाकून
केवड्याच्या काट्यांत हात घातला.
हाताला चेंडू लागला.

मागल्या वर्षीचा असेल, किंवा त्याच्याही आधीचा.
शिवण उसवलेली, एका अंगाला शेवाळ,
आत मुंग्यांनी संसार मांडलेला.
भिजलेल्या पावासारखा जड.
मला काहीच सुचलं नाही, खरंच.
शोधत होतो. सापडला. फेकला.
इतका लांब मी आयुष्यात कधी फेकला नव्हता.

तिकडे पेडणेकर तिसऱ्याच्या अर्ध्या वाटेवर.
समोर इनास, हातमोज्यातला चेंडू बाहेर काढून
हसत,
आता शिवणार, एवढ्यात
बनातून माझा आला,
एक, दोन,
आणि दोघांच्या पायांमध्ये मुंग्या सांडत थांबला.

कोण ओरडलं, कोण हसलं, आठवत नाही.
पंच आसोलकर गुरुजी दोन हातांत दोन चेंडू घेऊन
बाजारात शहाळी तोलावीत तसे उभे राहिले
बराच वेळ.
मग पेडणेकरला म्हणाले, मागे जा, दुसऱ्यावर.
पुढच्याच फटक्याला तो घरी आला,
त्याच्यामागून आणखी एक.
सामना संपला.

सर पोती गोळा करत होते.
मान वर न करता म्हणाले,
"मी तुका सोदूक सांगितलंय,
गावूक नाय."

संध्याकाळी धक्क्यावर होडी सुटायची होती.
पेडणेकर उतरून परत आला,
तो शेवाळलेला चेंडू मागितला. मी दिला.
त्याने तो हलवून कानाशी धरला,
आत कुणी आहे का बघावं तसा.
"म्हणजे बॉल खराच गेललो मा?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.
उभी की आडवी,
ते आता मलाच ठाऊक नाही.