ळ कुठे ठेवला होता

अ‍ॅक्रनच्या ह्या तळघरात, कुकरच्या खोक्यात,
एकतीस फ्लॉप्या निघाल्या.
लेबलांवर माझंच अक्षर: मंडळ, दिवाळी ९०.
मंडळ, वर्गणी न दिलेले.
एकीवर नुसतंच, हे पुसू नका.
ते अक्षर माझं नाही.

बुरशी आहे, डेरेक म्हणाला.
टायरच्या कारखान्यातला जुना सोबती,
हल्ली गॅरेजात असलेच उद्योग करतो.
कापसाच्या काडीला स्पिरिट लावून
त्यानं चकती पुसली, तान्ह्याचा कान पुसावा तशी,
आणि ड्राइव्ह सुरू केला.
कर्र. कर्र. गप्प. पुन्हा कर्र.
आम्ही दोघे दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे.

चौथ्या दिवशी फाइल उघडली.
पडद्यावर डॉलर, टक्के,
डोक्यावर टिंबं दिलेले परके स्वर,
उलटी प्रश्नचिन्हं.
नासलीय, डेरेक म्हणाला.
नाही रे, मी म्हटलं, मराठी आहे.

फॉन्ट मीच काढलेला.
नव्वदच्या जानेवारीत, दार बर्फानं अडलेलं असताना,
चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका भरून.
कोणत्या कळीवर कोणतं अक्षर
ते अठराव्या फ्लॉपीत होतं,
आणि अठराव्या फ्लॉपीवरचा लेप
सोलून काडीला चिकटून आला.

मग अंदाज.
सगळ्यांत जास्त वेळा येतो तो काना.
ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी,
कारण आम्ही बोलतो तसं नाही, दिसतं तसं टंकायचो.
'आहे' सापडला, त्यानं 'नाही'ला हाताला धरून आणलं.
'आणि'नं ण दिला.
रफारानं शेवटपर्यंत छळलं.

ळ काही मिळेना.
आणि एकदम आठवलं,
मी तो काढायलाच विसरलो होतो.
कुमुद पळणिटकर, मंडळाच्या चिटणीस,
फोनवर कडाडल्या होत्या:
अहो सरपोतदार, तुमच्या यंत्रात मी पलणिटकर झालेय,
आपलं मंडल झालंय,
आणि लोकांना बोलावतेय दिवालीच्या फरालाला!

त्या रात्री बसून काढला.
सगळ्या कळा भरलेल्या, म्हणून
ठेवला पौंडाच्या खुणेवर.
ओहायोत पौंड कोणाला लागतो.

म्हणजे फाइलभर सांडलेले हे पौंड,
सगळे ळ.
सकाळ. कंटाळा. ओळख. सगळ्यांनी वेळेवर यावे.

आनंदानं फीनिक्सला फोन लावला.
छापलेला अंक आहे की माझ्याकडे, कुमुदताई म्हणाल्या,
दोन प्रती. आधी विचारायचं ना.

डेरेकनं निघता निघता सांगितलं, पुसलेलंही निघतं.
त्या काळी पुसायचं म्हणजे
यंत्र नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडायचं,
बाकी मजकूर तसाच पडून,
वर दुसरं काही लिहीपर्यंत.

'हे पुसू नका'वर तशी एक निघाली,
बिनडोक्याच्या नावाची.
बावीस जानेवारी ९१, रात्रीचे दोन.
मंडळाचा संगणक तेव्हा कुमुदताईंच्या जेवणाच्या टेबलावर असायचा.
ताई, इथले लोक चांगले आहेत,
म्हणूनच कोणाला सांगता येत नाही.
एवढं वाचलं.
पुढच्या ओळीत चार पौंड होते.
आता मला पौंड वाचता येत होते,
म्हणून नजर काढून घेतली.

पुन्हा फोन. अजून एक फाइल आहे, तुमची.
ळ आहे तिच्यात?
आहे.
म्हणजे नंतरची.
ठेवू की पुसू?
लेबलावर काय आहे?
हे पुसू नका.
कोणाच्या अक्षरात?
मी खोटं बोललो नाही.

फीनिक्सकडून बराच वेळ काही आलं नाही,
मग भांडी आवरल्याचा आवाज.