रेड ऑक्साइड

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं
बाबांनी टाक्या खरवडल्या.
आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर,
मग रेड ऑक्साइडचा एक हात.
संध्याकाळी दिवाळे गावात, मागच्या मोरीवर
ते पाय धुवायचे
आणि पाणी विटकरी होऊन वाहायचं.
"लोखंड भायेरशी नाय जात गो, आतशी जातं.
खाडीचा वारा नुसता निमित्ताला."

मी खारघरला, दुसऱ्या मजल्यावर,
सदतीस अंशांच्या कपाटात पेशी वाढवते.
त्यांना मोजून पेरॉक्साइड पाजते
(जखमेवर फसफसतं, तेच)
आणि अंधाऱ्या खोलीत भिंगाला डोळा लावते.
जिच्या आत जाळ होतो
ती हिरवी उजळते.

मंग ती मरते कशी, बाबांनी एकदा विचारलं.
म्हटलं, गपचूप.
आधी आकसते. अंगावर बुडबुडे येतात.
स्वतःच्या गुणसूत्रांचे स्वतःच तुकडे करते,
पुरचुंड्या बांधून ठेवते,
शेजारणी येतात, उचलून नेतात.
सूज नाही, बोभाटा नाही.
"बरा मरण हाय," म्हणाले,
आणि सुकटीचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

जी मरत नाही, तिचं
त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
तीही त्याच जाळात असते.
जाळानं तिच्या वहीतला एकच शब्द पुसलेला असतो,
नेमका 'पुरे' हा.
मग ती त्याच धगीवर भात टाकते,
संसार मांडते,
वाढत बसते.

जानेवारीत हसुराम मढवी, वय चौसष्ट,
घशाचा तुकडा तपासायला आला.
माझ्या खोलीत नाही. खालच्या मजल्यावर.
तरी आठवडाभर मी
प्रत्येक काचपट्टीवरचं नाव दोनदा वाचलं.

आईनं आवळ्याचा रस सुरू केला.
वेणूमावशीनं सानपाड्याहून
व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बरणी पाठवली, महागाची.
डॉक्टर म्हणाले, रेडिएशन चालू आहे तोवर
गोळ्या बंद. जेवणातला आवळा खा हवा तर.
आई चिडली. ताकदीच्या गोळ्यांचं यांना काय वावडं?
मी समजावत बसले:
मशीन आत जाळ लावतं, तिला सोसणार नाही इतका.
आपण वरून पाणी ओतायचं का?
जाळानंच झालं म्हणतेस, आई म्हणाली,
आणि जाळच घालतेस?

माझ्याकडे यावर चार शोधनिबंध होते.
त्यातले दोन एकमेकांशी भांडणारे.

बाबाच बोलले, फाटक्या आवाजात:
"रेड ऑक्साइड म्हंजे काय गो?
गंजच ना. दळलेला.
गंजावर गंजच मारत होतो एकतीस वर्सां.
मापानी मारला का धरतो."

आज त्यांची एकविसावी वेळ.
जाळीचा मुखवटा आत टेबलावर तयार आहे,
त्यांच्याच नाकाचा, त्यांच्याच हनुवटीचा.
नंबर लागेपर्यंत ते बाकाच्या पायाला
अंगठ्याच्या नखानं खरवडत बसलेत.
निळा पोपडा निघाला, हातात धरून मला दाखवला.
"बघ, खाली प्रायमरच नाय."