टूथब्रश, नग दोन

रात्री अडीचला स्क्रीनवर सगळं हिरवं.
पंप हिरवे, व्हॉल्व्ह हिरवे,
विरघळलेला ऑक्सिजन : दोन पूर्णांक शून्य.
दहा वाजता दोन होता, बाराला दोन,
आताही दोनच.
निखाडे म्हणाला,
"एवढं शांत तर मेलेलं माणूसच राहते, भाऊ."

टॉर्च घेऊन टाकीवर गेलो.
फेस तपकिरी,
फाटक्या गादीतून निघालेल्या जुन्या कापसासारखा.
आणि वास, सडक्या अंड्याचा,
दाराआडून डोकावावं इतकाच.

प्रोब वर ओढला.
परदेशातून आलेला, माझ्या चौदा पगारांचा.
त्याच्या डोळ्यावर बोटभर साय चढली होती.
हप्ताभर तो पाणी बघतच नव्हता,
स्वतःच्या अंगावरचा मळ मोजत होता
आणि खाली कळवत होता : सगळं बरं आहे.

खिशातून टूथब्रश काढला, घासला,
पुन्हा सोडला पाण्यात.
शून्य पूर्णांक चार.

म्हणजे रात्रभर पायाखाली
कोटी कोटी जीव श्वास कोंडून खपत होते.
त्यांना हजेरीपट नाही, सुट्टी नाही,
आपण जे ढकलून देतो तेच त्यांचं ताट.
हवा मिळाली नाही की ते भांडत नाहीत,
धाग्यासारखे लांब लांब होत जातात,
एकमेकांत गुंततात,
तळाला बसायचं विसरतात.
सकाळी कोहळे मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघतील
आणि चष्मा न काढता म्हणतील, "धागे वाढले."

दुसरा ब्लोअर चालू केला.
पत्र्याचं छप्पर थरथरलं,
टाकी घुसमटून एकदा ढेकरली,
मग उकळल्यासारखी नाचायला लागली.

परवा मारबत निघाली होती.
पोराला खांद्यावर घेऊन मीही ओरडलो :
खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा,
महागाई घेऊन जा गे मारबत!
गळा बसला.
आणि तीनच्या पाळीला येऊन
जाळीपाशी उभा राहिलो,
तर सगळं इकडंच आलेलं.
केस, चिंध्या, औषधांच्या पट्ट्या,
एक हात नसलेली बाहुली,
भोजनालयांची तर्री, थंड होऊन थिजलेली,
आणि तो निळा रंग,
जो कोणाचाच नाही,
जो फक्त अंधारात येतो,
तपासणीच्या दिवशी कधीच नाही.
दाताळं चालवत निखाडे म्हणाला,
"घेऊन जाणारे आपणच हो, बाप्पा.
आपल्याला कोणी जाळत नाही, एवढाच फरक."

आमचं पाणी इथून कोराडीकडं जातं,
बॉयलरवाल्यांचे मनोरे थंड करायला.
तिथली वीज तारेवरून परत येते,
ब्लोअर फिरवते.
हे मी बायकोला एकदा जेवताना सांगितलं.
ती म्हणाली, "आधी हात धुतले का?"

आज पावणेचारला तीच वीज गेली.
पडदा काळा, ब्लोअर मुका.
जनरेटर तीनदा खाकरला, चौथ्यांदा लागला.
मधल्या सहा मिनिटांत
मी नुसता काठावर उभा होतो,
जणू माझ्या उभं राहण्यानं
त्यांना थोडी हवा मिळणार होती.

सकाळी आकडा एक पूर्णांक सहा.
खरा होता, म्हणून हलत होता.

पाळी संपताना मागणी भरली ऑनलाइन.
सामानाच्या यादीत गॅस्केट आहे, बेअरिंग आहे,
टूथब्रश नाही.
'इतर' निवडलं. नग दोन. प्रकार मऊ,
कडक असला की डोळा ओरखडतो.
कारण, वीस अक्षरांत :
डोळे धुवायला.

दुपारी उत्तर आलं :
वर्गवारी चुकीची, परत पाठवले.

दुसऱ्या रात्री निखाडेनं घरून आणला,
पोरीचा जुना.
गुलाबी, दांड्यावर ससा.
आता तोच लटकतो टाकीच्या कठड्याला,
सुतळीनं बांधलेला.