पाटे

रिकामी असली की जास्त उसळते.
भरली की बसते, गप्प राहते.
हे मला कोणी शिकवलं नाही,
सदरहून रिकामं परतताना अकरा वर्षांत
माझं माकडहाड शिकलं.

आमची पिकअप. मागच्या फाळक्यावर
बाबांनी हौसेनं रंगवून घेतलेला मोर,
त्याची चोच दोनदा वेल्डिंगमध्ये गेली.
तीस-तीस अंड्यांचे ट्रे कळमेश्वरहून पहाटे निघायचे,
आणि सदरला उतरवताना पोऱ्या वरूनच ओरडायचा,
"एक्केचाळीस गेली, ताई!"
फुटक्या अंड्याचा वास पत्र्यात मुरतो.
लिंबू घासा, डिझेल ओता,
जात नाही.

डोंगरवार मिस्त्री, ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे, कडुनिंबाखाली.
तो गाडीखाली सरकला, बाहेर राहिल्या फक्त चपला.
चपलाच बोलल्या:
"सात पाटे हायेत. सातही एकमेकांले घासून राहिले.
गंजले, तरी घासूनच राहिले.
हे कमान नोहे ताई, हे भांडण होय."

बाबा म्हणाले, रस्ता खराब हाय तं रस्ता दुरुस्त करा,
गाडीचा काय दोष?
बाबा म्हणाले, याच सातानं वीस वर्षं वाहिलं.
बाबा म्हणाले, आन् पैसे?
मी म्हटलं, माझे.
मग बरंच काही म्हटलं गेलं, ते इथं नको.

यू-बोल्टच्या पान्यावर पाइप चढवून निहाल त्याला लटकला.
करकरलं, करकरलं,
मग एकदम सुटलं, निहाल मातीत.
नवे तीनच. मधे जाड, टोकांकडे निमुळते.
मिस्त्रीनं दोन पाट्यांमधून बोट फिरवून दाखवलं:
"मधात भेटते, टोकाले भेटते.
बाकी जागा मोकळी. तिथं हवा खेळते.
पण दीड टनाच्या वर भरान, तं मले सांगू नका."
हळदीच्या रंगाचे शॉकअप, काळे कोरे बुश,
पुढे एक आडवा दांडा,
वळणावर गाडीनं खांदा टाकू नये म्हणून.
बिल वहीच्या पानावर,
खाली ग्रीसचा अंगठा.

चालवून पाहायला निघाले तर बाबा येऊन बसले.
बोलावलं नव्हतं.
मे महिना, डांबर पाघळलेलं, दोघांच्याही डोक्याला दुपट्टा.
गोरेवाड्याच्या अलीकडे तो खड्डा आहे,
घरच्या माणसासारखा ओळखीचा.
बाबांनी आधीच वरची मूठ धरली,
दात आवळले, गुडघा डॅशबोर्डला टेकवला,
वीस वर्षांच्या सवयीनं.
खड्डा आला.
गाडी खाली गेली, वर आली, एकदाच,
कोणी बाकावर सरकून जागा द्यावी तशी.
बाबांची मूठ पुढचा अर्धा किलोमीटर तशीच.
"गेला?"
"गेला."

मग काटोल नाक्याचं वळण.
मी मुद्दाम वेग उतरवला नाही.
आधी इथं गाडी अशी कलायची
की खांद्याला खांदा लागायचा आमचा.
वर्षभरात तेवढाच काय तो.
आज गाडी सरळ वळली.
मधली सीट रिकामी राहिली,
तिच्यावरची पाण्याची बाटलीसुद्धा हलली नाही.
बाबा खिडकीबाहेर पाहत होते.
मी समोर.

जुन्यातला सर्वांत लांब पाटा
त्यांनी गोणपाटात बांधून घरी आणला.
भंगारवाल्याला दिला नाही,
दाराला अडसर म्हणून ठेवलाय.
काल पहाटे अंधारात माझा अंगठा त्यावर आपटला.
आतून आवाज आला, "पाहून चाल ना व."
म्हणजे जागेच होते.

रात्री सांगितलं त्यांना,
बाबा, आज सहाच फुटली.
त्यांनी भाकरीचा घास वरणात बुडवला,
थोडा वेळ तसाच धरून ठेवला.
"सहा तरी काऊन फुटली?"