बिजागऱ्या

गावाच्या तोंडाशी पाच पाट्या.
सगळ्यात जुनीवरचा देश ओळखू येत नाही,
वाळूच्या वाऱ्यानं खरवडून नेलाय.
तिच्या सावलीत एक तांबडी शेळी रवंथ करत बसलेली.
भागीदारीचा तेवढा एक लाभार्थी
पहिल्या दहा मिनिटांत नोंदवता आला.

झिंदेरहून पाच तास, गिदान तुडू.
माझ्याजवळ बहात्तर प्रश्न, पाण्याच्या चार बाटल्या
आणि माहामान,
जो माझं बोलणं हाऊसात नेतो
आणि परत येताना थोडं हलकं करून आणतो.

'गेल्या सात दिवसांत
किती दिवस उसनं अन्न घ्यावं लागलं?'
चिमा बाजरी कांडत होती. मुसळ थांबलं नाही.
'माझं पोर तिच्या वाडग्यात जेवतं, तिचं माझ्या.
यात उसनं कुठलं धरू?'
रकान्यात फक्त आकडा बसतो.
मी शून्य लिहिलं. खोडलं. सात लिहिलं.

सतराव्या प्रश्नात तो शब्द आला
ज्याच्यासाठी सहा देशांनी पैसे दिले होते.
माहामान अडखळला, मग म्हणाला, जुरिया.
म्हणजे?
म्हणजे सोसणं.
बायका अशा हसल्या की एकीनं मुसळच टाकलं.
'सोसायला शिकवायला
इतक्या लांबून आलात होय?'

मग त्यांनी मला माळावर नेलं.
पाणी अडवायला खणलेले अर्धचंद्र, रांगेनं चारशे.
तीनशे अकरा शाबूत, बाकी वाळूनं बुजलेले.
बुजलेल्या एकात गवताचं एकच पातं,
कुणी न सांगता उगवलेलं.
ते कुठल्या बाजूला मोजू?

धान्यकोठीला तीन कुलपं,
तीन किल्ल्या तीन बायकांकडे,
कुणी एकटीनं उघडू नये म्हणून.
पुस्तिकेत हे पान चित्रांसकट आहे.
त्या वर्षी पेरण्या झालेल्या, कणसं अजून लांब,
रांजणांचे तळ दिसून गेलेले,
बायका मुंग्यांची बिळं उकरून दाणे वेचू लागल्या
तेव्हा तिसरी किल्ली डेलूच्या गळ्यात होती
आणि डेलू मागारियाला, लेकीच्या बाळंतपणात,
मधला रस्ता वाहून गेलेला.

दोघी दोन दिवस दारात बसून राहिल्या.
तिसऱ्या दिवशी त्यांनी दारच
बिजागऱ्यांतून उचलून
भिंतीला टेकवून ठेवलं.

तिन्ही कुलपं शाबूत.

घरटी चार मापं.
ज्या घरात मुलाच्या दंडावरची पट्टी
पिवळ्यात गेलेली, तिथं सहा.
भिंतीवर कोळशाच्या रेघा.
सुगीनंतर प्रत्येक रेघेवर आडवी रेघ आली,
एक सोडून.
ती कुणाची, हे कुणी सांगेना,
आणि चिमा एकदम पाणी आणायला उठली.

प्रश्न अठ्ठावन्न.
नियम पाळले गेले का?
हो. नाही.
एकाच चौकटीत खूण करा.

रात्री सौर दिव्याखाली पेन हातात घेऊन बसले.
न आलेल्या उपासमारीचा फोटो निघत नाही.
न मेलेली मुलं दिवसभर अंगणात
एकमेकांना ढकलत होती, चिडवत होती,
त्यातल्या एकानं माझी बाटली पळवली.
ती तशीही जगली असती,
असं कार्यालयातलं कुणीतरी म्हणेल,
आणि मला त्याला खोटं पाडता येणार नाही.
दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत
शाईचा एक ठिपका पडला. तो तसाच ठेवला.

सकाळी गाडीपाशी डेलू आली.
गळ्यातली किल्ली घामानं, बोटांनी घासून चकचकीत.
'कुलपं पुष्कळ झाली,' ती म्हणाली.
'पुढच्या खेपेला बिजागऱ्यांचं बघा.
या गंजल्यात. एकदा उचललं
की दार पुन्हा नीट बसत नाही.'

अहवालाला एकोणीस शिफारशी आहेत.
त्यांच्या खाली, क्रमांक न घालता, लिहिलं:
बिजागऱ्या, दोन.
शक्य तर चार.