अर्धा मिलिमीटर

माझ्या पेनाच्या टोकाची जाडी अर्धा मिलिमीटर.
नकाशा एकास अडीच हजार.
म्हणजे सांगलीच्या कागदावर मी निळी पूररेषा ओढतो
तेव्हा जमिनीवरची सव्वा मीटर जागा
नुसती शाईखाली जाते.
तेवढ्यात एक ओटा बसतो,
शेगडी, मिसळणाचा डबा
आणि पाठमोरी उभी एक बाई.

ती रुबिना नदाफ. कर्नाळ रस्त्याच्या खालच्या अंगाला.
मोजणीला गेलो तर स्टाफ धरून उभ्या पोराला
तिनं आधी पाणी दिलं, मग मला विचारलं,
"रेषेच्या आत म्हणजे कुणीकडनं आत?
घराकडनं, का नदीकडनं?"
सत्तावीस वर्षांच्या नोकरीत
हे कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या घरात दिव्याची बटणं पार छताजवळ.
धाकटी स्टुलावर चढून पंखा लावते.
"मागल्या खेपंला इथवर हुतं,"
पोपड्यांतल्या तपकिरी कडेला तिनं बोट लावलं,
"म्हणून त्याच्या वर एक वीत."
आमच्या नियमावलीत वीत नाही.

हरकतींची वही. दोनशे बारा अर्ज.
दोनशे अकरांचं मागणं एकच: रेषा नदीकडं सरकवा.
कुणाचे सहा मीटर, कुणाचं अर्धं मंगल कार्यालय.
एकानं लिहिलंय,
आमच्या प्लॉटास नदीपासून त्रास नाही,
नदीस आमच्यापासून असल्यास लेखी कळवावे.

एकच अर्ज उलटा.
धोंडीराम अंबी, वय एक्याऐंशी, धंदा पूर्वी होडी.
रेषा अजून माघारी घ्या. खाली अंगठा.
सुनावणीत साहेब म्हणाले, "आजोबा, तुमची जमीन कुठली?"
"जमीन न्हाई."
"मग हरकत कशाची?"
"ती कूस बदलती. बदलताना ढोपर लागतंया.
चाळीस वर्सं तिच्या अंगावर बसलोय मी."
कुणीतरी हसलं.
लिहून घेणारी अडली, ढोपर असंच घालू का?
साहेब म्हणाले, घाला: मुद्दा तांत्रिक नाही.

आता सात वाजलेत.
ट्रेसिंग टेबलाच्या काचेखाली ट्यूब गुणगुणतेय.
जाताना साहेब बोलून गेले,
नऊ नंबरच्या कोपऱ्यावर हात जरा हलका ठेवा.
हलका म्हणजे काय ते मला कळतं.
माझाही फ्लॅट लाल रेषेत आहे,
दुसरा मजला, अजून एकोणीस हप्ते.
हे ऑफिसात कुणाला माहीत नाही.
खरं तर घरीही नाही.

नऊ नंबरला हात हलका झाला नाही.
शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात,
लेव्हलचे आकडे समोर होते, ते जोडत गेलो
आणि नदाफांच्या ओट्याशी अडकलो.
शाईची ही कड धरली तर बाई आत,
ती कड धरली तर बाहेर,
पाणी दोन्हीकडं तेवढंच.

पेनाला टोपण लावलं.
उगाच नकाशावर वीत टेकवून बघितली.
बावीस सेंटिमीटर. साडेपाचशे मीटर.
त्या वर्षी पाणी साधारण तेवढंच आत आलं होतं.

हात अजून उचललेला नाही.
अंगठा नदीत आहे,
करंगळी माझ्या जिन्यात.