नजर ठरेना

मिनेगिशींनी कॅमेरा काउंटरवर ठेवला
आणि आधी त्याची खोडच सांगितली:
"अंधारात चाचपडतो हा.
नजर ठरायला वेळ लावतो,
आणि ठरली तरी तुम्ही म्हणाल तिथेच ठरेल, असं नाही."
असा दुकानदार हाकोदातेत दुसरा नाही.
म्हणूनच त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं.

वापरलेला होता. तळाला पोचा,
पट्ट्याच्या कडीपाशी रंग उडालेला,
आत कुणा अनोळखी बाळाचा एक फोटो राहून गेलेला.
तो मी अजून पुसलेला नाही.
किंमत माझ्या बारा दिवसांच्या मजुरीएवढी,
माकूल साफ करायची मजुरी:
शाई, काटा, आतडं, पुन्हा शाई.
मोठे कॅमेरे वरच्या फळीवर बसले होते
रुसलेल्या जावयांसारखे.
हा एप्रनच्या खिशात मावला.

डोळा लावायला याला खिडकी नाही.
हात लांब करून आरशासारखा धरायचा,
आणि उन्हात पडद्यावर
आपलंच कपाळ बघायचं.
बॅटरीचा जीव चिमणीएवढा,
इथल्या फेब्रुवारीत त्याच्याही निम्मा,
म्हणून दुसरी बॅटरी मी काखेत बाळगते,
आजारी पिल्लू बाळगावं तशी.
बर्फ सोसत नाही, खारा वारा सोसत नाही,
पावात ब्रेड येतो ती पिशवी आणि एक रबर,
एवढाच त्याचा रेनकोट.

पण सकाळी सहाला
बर्फावरून उजेड परतून येतो,
तेव्हा हा जे रंग देतो ना!
माकुलाच्या अंगावरचे ठिपके
मरताना एकदाच तांबूस होतात आणि विझतात.
वीस वर्षं हातात घेऊनही
मी ते पाहिले नव्हते.

आवाजही नाही.
खेकडेवाली हात्सुए
मोठा कॅमेरा दिसला की तोंडावर फडकं ओढते.
याला ती खेळणं समजली,
आणि माझ्यासमोर मनसोक्त जांभई दिली,
सोन्याच्या दातासकट.

वडिलांचा फोटो मात्र निघेना.
त्यांचा उजेड सगळा होडीवर.
रात्री दूर समुद्रात दिव्यांची माळ पेटायची,
मी धक्क्यावरून नेम धरायची,
आणि हा तिचे पांढरे डाग करायचा,
काळोखावर रवा सांडून ठेवायचा.
घरी आल्यावर मी कुरकुरायची:
अंधारात चालतच नाही हा.
ते मिसो सूप पीत राहायचे.

नोव्हेंबरातली रात्र. एकच दिवा.
ते जेवत होते, मी कॅमेरा धरला.
भिंग पुढे, मागे, पुढे, मागे.
हिरवी चौकट चेहऱ्यावर आली,
गेली, आली.
मी दाबलं.

वडील धूसर. वाडगा धूसर.
वाफ कुठली आणि गाल कुठला, कळेना.
मागचं कॅलेंडर तेवढं लख्ख:
मासेमारी संघाचं,
कोपऱ्यात सोयासॉसचा डाग,
एकोणतीस तारखेभोवती पेन्सिलचं वर्तुळ,
त्यात त्यांचं मुंगीएवढं अक्षर:
होडी. नऊ वाजता. तोडणारे येणार.

मोठं करून पाहिलं. आणखी मोठं.
सोळा मेगापिक्सेल, आजकाल कोण विचारतं,
मला पुरले.

तीन हंगाम माकूल नाही, हे गावाला ठाऊक.
होडीचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
रोज त्या भिंतीला पाठ लावून जेवत होते,
आणि मी रोज त्यांच्याकडे बघत होते,
भिंतीकडे नाही.

विचारलं नाही मी काही.
एकोणतीसला साडेआठ वाजता
धक्क्यावर जाऊन उभी राहिले,
काखेत बॅटरी, खिशात कॅमेरा.
क्रेन अजून आली नव्हती.
ते केबिनच्या सावलीत दोर गुंडाळत होते,
आता कशाला लागणारा दोर.

मला पाहिलं. हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.
"अंधारात चालत नाही ना तो,"
एवढंच म्हणाले,
आणि टोपी काढून
उन्हात येऊन उभे राहिले.